स्विच बंद, लाईट चालू

डिसेंबरात एकदा धरणगावहून अमळनेरला येत होतो, रात्रीचे साडेनऊ झाले असतील, समोरून केळीचा ट्रक आला आणि पठ्ठ्यानं अप्पर, म्हणजे लांबचा उजेड, काही सोडला नाही, मी पण चिडून दोनतीनदा डिपर मारला, तो भर्रकन गेला आणि त्यानंतर डोळ्यासमोर जी काळी झापड येते ना दोन सेकंद, त्या झापडीतनंच एकदम कापसाची ट्रॉली निघाली. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, साधं लाल फडकं पण नाही. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा ट्रॉली आणि बॉनेट यात हातभर अंतर असेल, आणि वरनं कापसाचा एक पुंजका अलगद काचेवर येऊन पडला.

रात्रभर ट्रॉलीवाल्याला आणि ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. सकाळी गाडी पुसताना हेडलाईटकडे नीट बघितलं तर शिव्या अर्ध्या स्वतःकडे वळवाव्या लागल्या. काच कसली, जुन्या चहाच्या गाळणीचा रंग झालेला. आमचे चोपड्याचे मामा तर दिवाळीतच म्हणाले होते, "भो, तुनी गाडीले मोतीबिंदू व्हयना शे." तेव्हा हसण्यावारी नेलं.

गाडी म्हणजे २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, आपल्याकडे दर तिसऱ्या घरासमोर उभी असते तीच. मी तिसरा मालक. मामांच्या जुन्या जीपला गोल काचेचे लाईट आहेत, खरी काच, ते अजून पाण्यासारखे स्वच्छ. आताच्या गाड्यांना काच नसतेच, पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं, दगड लागला तर फुटत नाही आणि हवा तसा आकार देता येतो म्हणून ते वापरतात, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून कंपनी वरून एक कडक पारदर्शक थर देते. तो थर उन्हानं झिजला की खालचं प्लास्टिक पिवळं पडायला सुरुवात. आणि ऊन म्हणाल तर आपल्या खानदेशात त्याची कमी नाही, मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणार म्हणजे जाणार, गाडी दिवसभर अंगणात, शेड नाही. १५ वर्षं टिकली हेच खूप.

आता सरळ काम काय होतं? आहेत तेच लाईट घासून चकाचक करायचे. पण आपण सरळ कामाला हात घालतो कुठे. मी आधी ऑनलाईन एलईडी बल्ब मागवले, डब्यावर उजेडाचे, म्हणजे लुमेनचे आकडे असे की वाटावं अमळनेरातनं लावला तर पारोळ्यात उजेड पडेल. लावले. घरासमोरची भिंत पांढरी फटक, मी खूश. रस्त्यावर निघालो तर समोरचा प्रत्येक जण डिपर मारायला लागला, एका टेम्पोवाल्यानं तर काच खाली करून आईवरनं शिवी दिली. आणि गंमत म्हणजे एवढा उजेड असून मला स्वतःला लांबचं दिसेना! गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख आणि त्यापुढे गुडुप. कारण नंतर कळलं. गाडीचा मूळ बल्ब एच-४ जातीचा, त्यात दोन तारा असतात, एक डिपरची म्हणजे जवळच्या उजेडाची, एक अप्परची, डिपरच्या तारेखाली छोटीशी धातूची वाटी असते, आणि मागचा आरसा म्हणजे रिफ्लेक्टर हा त्या तारा नेमक्या कुठं आहेत ते धरून घडवलेला असतो. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी सगळं गणित फसतं. एलईडीत ती तार नाहीच, चपट्या पट्टीवर चिप बसवलेली, तिचा उजेड रिफ्लेक्टर फेकतो वाट्टेल तिकडे. मामा गाडीत होते एकदा, समोरनं डिपरवर डिपर यायला लागले तसं शांतपणे म्हणाले, "समोरनाले आंधया करीसन तुले काय दिसनार शे?" दुसऱ्या दिवशी बल्ब काढून ठेवले.

(बल्बावरनं आठवलं, आमच्या अमळनेरात बल्बचा विषय निघाला की कुणीतरी विप्रोचं काढतोच. १९४५ साली ती कंपनी इथंच वनस्पती तूप बनवायला सुरू झाली, पुढे काय काय करत घरातले बल्बही विकायला लागली. गाडीच्या लाईटशी या गोष्टीचा काडीचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय अमळनेरवाल्याला राहवत नाही.)

मग जुने लाईट खोलले. आत बघतो तर उजव्या रिफ्लेक्टरची चमक गेलेली, मधोमध करपल्यासारखा तपकिरी डाग, आणि मागचा होल्डर वितळून वाकडा. हे काम आधीच्या मालकाचं, त्यानं १००/९० वॅटचे बल्ब घातले होते. मूळ बल्ब ६०/५५ चा. ५५ वॅट म्हणजे १२ व्होल्टला साधारण साडेचार अँपियर, ९० वॅट म्हणजे साडेसात, तारा त्याच, होल्डर तोच, मग जळणार नाही तर काय. मी शहाणपणा करून रिफ्लेक्टर ओल्या कपड्यानं पुसला तर उरलीसुरली चमक पण कपड्यावर आली. ती ॲल्युमिनियमची इतकी पातळ वाफ बसवलेली असते की तिला हात लावायचाच नसतो. म्हणजे घासण्याचा प्रश्नच मिटला.

नवीन जोडी घ्यायची तर खिशाला जड. शेवटी मित्राच्या मावसभावाकडे याच गाडीचे आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या बनावटीचे, प्रोजेक्टर लाईट (भिंगातून उजेड टाकणारे) पडून होते, काळ्या हाऊसिंगचे, गोल उजळणाऱ्या रिंगवाले, त्यानं गाडी विकताना काढून ठेवलेले. २२०० रुपयांत जोडी. डाव्या लाईटचा गाडीला कसायचा एक कान तुटलेला आणि काचा माझ्यापेक्षा पिवळ्या, पण आतला आरसा आणि भिंग एकदम साफ.

आता काच घासण्याबद्दल. टूथपेस्ट लावून व्हिडिओ करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. टूथपेस्टनं खरंच चकाकतं, नाही असं नाही, मी पण करून बघितलं, पण तीन-चार आठवड्यांत होतं तसं. कारण वरचा मेलेला थर निघतच नाही, नुसता वरवर पॉलिश होतो, आणि नवीन थर तर कुणी देतच नाही. खरं काम वॉटर पेपरचं. ८०० पासून सुरुवात, मग १०००, १५००, २०००, ३०००, आकडा वाढेल तसा पेपर बारीक. प्रत्येक पेपर पाण्यात भिजवलेला, पाण्यात दोन थेंब शाम्पू, आणि काचेवर पाणी सतत हवं. मी पहिल्या दिवशी सकाळी दहाला अंगणात बसलो, एप्रिल महिना, पाणी टाकलं की वाळतंय, टाकलं की वाळतंय, पेपर कोरडा फिरला आणि खोल चरे पडले, परत ८०० पासून सुरू. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून ओसरीवर बसलो. आईला वाटलं मी योगा करायला उठलोय.

८०० नं घासताना जे पाणी निघतं ते आधी पिवळट दुधासारखं असतं. ते पांढरं होईपर्यंत पुढच्या पेपरवर जायचं नाही, हीच खूण. आणि प्रत्येक पेपरला दिशा बदलायची, एकदा आडवं घासलं तर पुढचा पेपर उभा, म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते दिसतं. ३००० झाल्यावर काच धुरकट पण एकसारखी दिसते, मग रबिंग कंपाउंड आणि मऊ कापड. इथं आरपार दिसायला लागलं आणि मला वाटलं झालं काम. नाही भो. इथं थांबलात तर पुढच्या उन्हाळ्यात परत पिवळं, उलट लवकर, कारण संरक्षण होतं नव्हतं ते तुम्हीच घासून काढलं. वरून क्लिअर कोट, म्हणजे नवीन पारदर्शक थर, द्यावाच लागतो. मी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडनं टूके क्लिअरचा स्प्रे आणला, हार्डनर त्यातच असतो, बुडाची पिन दाबली की मिसळतो आणि मग ठरावीक वेळेत वापरून टाकायचा. त्यातलं आयसोसायनेट नावाचं रसायन फुप्फुसाला फार वाईट, साध्या रुमालानं भागत नाही, फिल्टरवाला मास्क लावा आणि उघड्यावर मारा. पण उघड्यावर म्हणजे आपल्याकडे धूळ. वारा पडलेला बघून मारला, दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. उजव्या काचेवर दुसरा हात ओला असताना एक चिलट येऊन बसलं. ते अजून तिथंच आहे. काढायला गेलो असतो तर सगळाच कोट गेला असता.

तुटलेला कान सोल्डरिंग आयर्ननं प्लास्टिक वितळवून, आत स्टेपलरच्या पिना रुतवून जोडला. दिसायला घाण, पण धरला.

आता वायरिंग, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

या प्रोजेक्टरमध्ये डिपरला एक एच-१ बल्ब (एकाच तारेचा) आणि अप्परला वेगळा एच-१, दोन्ही ५५ वॅट. गाडीत मात्र तीन पिनचा एच-४ कपलर, म्हणजे बल्बाच्या मागे खोचायचं सॉकेट. जोडून टाकलं असतं तर चाललं असतं, पण आधी मीटर लावून बघावं म्हटलं. गाडी चालू, लाईट चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. तेच बल्बाच्या पिनांवर ११.८. दोन व्होल्ट वाटेतच गायब! जुन्या तारा, करपलेला होल्डर, गंजलेलं अर्थिंग, आणि बल्बाचा सगळा करंट स्टेअरिंगखालच्या त्या एवढ्याशा स्विचमधून फिरून येणार. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज थोडं पडलं तर उजेड थोडा पडत नाही, धाडकन पडतो. हिशोब साधारण व्होल्टेजच्या ३.४ घाताचा आहे. म्हणजे साडेतेरा मिळायला हवेत तिथं ११.८ मिळाले तर उजेड ६३ टक्क्यांच्या आसपास उरतो. मी बल्बला नावं ठेवत होतो आणि बल्ब बिचारा अर्धपोटी होता.

(मीटरवर तेव्हा ११.८ च्या आधी वजा चिन्ह दिसत होतं. मी म्हटलं प्रोब उलटे धरले असतील. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.)

यावर उपाय रिले. स्विच म्हणजे मार्केट यार्डातला मुकादम आणि रिले म्हणजे हमाल, मुकादमानं नुसतं बोट दाखवायचं, पोतं हमालानं उचलायचं. रिलेला चार पिना, नंबर ठरलेले असतात. ३० वर बॅटरीकडनं येणारी जाड तार, ८७ मधून लाईटला जाणारी, आणि ८५-८६ म्हणजे आतल्या कॉईलची दोन टोकं, त्यांना थोडासा करंट मिळाला की ३० आणि ८७ आतल्या आत जोडले जातात. दोन रिले घेतले १२ व्होल्ट ४० अँपियरचे, एक डिपरला एक अप्परला. तार अडीच चौरस एमएमची. प्रत्येक लाईनला १५ अँपियरचा फ्यूज, दोन बल्ब मिळून नऊ-साडेनऊ अँपियर घेतात त्यामुळे १५ ठीक. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. हे लोक सगळ्यात जास्त टाळतात, फ्यूज लाईटजवळ लावतात, पण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार कुठं पत्र्याला घासून उघडी पडली तर तिला अडवणारं कुणी नाही, बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका जागी ओतणार आणि गाडी पेटणार. नुसती टेप गुंडाळू नका, वरून कोरुगेटेड पाईप घाला, जोडाला सोल्डर आणि हीट श्रिंक, बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा डिंक वितळून दोन महिन्यांत चिकट शेपूट लोंबायला लागतं.

रेडीमेड हार्नेस, म्हणजे तारा आणि रिलेंचा तयार संच, मिळतो, पण मी घरी बनवला, कागदावर आकृती काढून, एकदम नीट. रिलेला द्यायचा सिग्नल उजव्या कपलरमधून घेतला, डिपरची तार एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला, दोघांचे ८५ बॉडीला, म्हणजे अर्थला. डावा कपलर आता कामाचा नव्हता, तो रिकामा लोंबकळू नये म्हणून त्यात जुनाच बल्ब खोचून ठेवला.

संध्याकाळ झालेली. बॅटरीचं टर्मिनल लावलं.

कट कट असे दोन आवाज आले आणि सगळे लाईट लागले. डिपर, अप्पर, सगळं. किल्ली माझ्या खिशात, स्विच बंद. आई तुळशीला दिवा लावत होती, ती म्हणाली, "शॉर्ट झालं का रे काही, बंद कर आधी." मी घाईघाईनं आत बसून स्विच फिरवला, काहीतरी तरी होईल म्हणून, तर डिपर ऑन केला की डिपर विझला! अप्पर तसाच. अप्पर ऑन केला तर अप्पर विझला आणि डिपर लागला. म्हणजे गाडी अगदी आज्ञाधारक, फक्त उलटी. वाटलं चला जुना बल्ब तरी काढून बघू, तो काढला तर सगळंच बंद, आता स्विच कसाही फिरवा, लाईट लागेचना. एका नको असलेल्या, न लागलेल्या बल्बवर अख्ख्या गाडीचे लाईट अवलंबून. मी बॅटरी काढली आणि जेवायला बसलो. वरण-बट्टी होती, पण लक्ष लागेना.

सकाळी आमच्या गल्लीतले जिभाऊ आले, त्यांचं बस स्टँडजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. त्यांनी आकृती बघितलीच नाही. टेस्ट लॅम्प काढला, एक टोक बॉडीला, दुसरं कपलरच्या एकेका पिनला. किल्ली नाही, स्विच बंद, तरी एका पिनवर दिवा लागला. जिभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "ही कॉमन, दोन्ही तारांची. आणि ही अर्थ नाही भाऊ, ही पॉझिटिव्ह."

तिथं डोक्यात उजेड पडला, आणि ते वजा चिन्ह आठवलं. काही गाड्यांत, विशेषतः जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये, बल्बाला पॉझिटिव्ह कायम दिलेलाच असतो आणि स्विच तोडजोड करतो ती अर्थची. मी गृहीत धरलेलं त्याच्या बरोब्बर उलट. मग भुताटकीचा उलगडा सोपा होता. डाव्या कपलरमधल्या जुन्या बल्बातनं पॉझिटिव्ह येत होता, तारेतून फिरून डिपर-अप्परच्या पिनांवर, तिथनं माझ्या रिलेच्या कॉईलमधून बॉडीला. कॉईलला लागतो अगदी थोडा करंट, तेवढ्यानं बल्ब लागत नाही पण रिले ओढला जातो. स्विच ऑन केला की ती पिन अर्थ होते, कॉईलची दोन्ही टोकं अर्थवर, रिले सुटला, लाईट बंद. आणि जुना बल्ब काढला की पॉझिटिव्ह यायची वाटच बंद. रात्रभर मी ज्याला भूत म्हणत होतो ते शाळेतलं दहावीचं विज्ञान निघालं.

दुरुस्ती दहा मिनिटांची. दोन्ही ८६ कॉमन पॉझिटिव्हला, आणि ८५ बॉडीवरून काढून एक डिपरच्या तारेला, एक अप्परच्या. साध्या रिलेत कॉईलला उलटसुलट चालतं, पण काहींत आत डायोड असतो, त्यात चालत नाही, रिलेच्या अंगावर छापलेली आकृती बघून घ्या. म्हणूनच सांगतो, तारांच्या रंगावर जाऊ नका, दुसऱ्याच्या व्हिडिओवर जाऊ नका, आधी मीटर नाहीतर टेस्ट लॅम्प. जिभाऊंनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

तरी डावा लाईट जरा मंदच. मीटर: उजवा १३.५, डावा १२.६. अर्थच्या तारेच्या टोकाची लग मी बॉडीच्या रंगवलेल्या भागावर कसली होती. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, लग परत कसली, वरून ग्रीस लावलं, १३.४. पाच मिनिटांचं काम आणि पाऊण व्होल्ट परत मिळाला, फुकटात.

रात्री गाडी घेऊन जिनिंगच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर गेलो. सीझन संपलेला, अंगण मोकळं, सिमेंटचं आणि सपाट, आणि भिंत चुन्यानं रंगवलेली, यापेक्षा चांगली जागा नाही. वॉचमन काकांनी आधी हटकलं, मग खुर्ची टाकून बसले. लाईट लावले आणि त्या भिंतीवर काय सुंदर रेघ उमटली म्हणून सांगू! प्रोजेक्टरची कटऑफ म्हणतात ती, वर अंधार खाली उजेड, सुरीनं कापल्यासारखं, आणि कडेला बारीक निळसर-जांभळी झाक. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग लक्षात आलं की रेघ उजवीकडे वर चढतेय.

आपण डाव्या बाजूनं चालवतो. डिपरची रेघ डावीकडे वर चढायला पाहिजे, म्हणजे आपल्या कडेचा माणूस, सायकल, ट्रॉली लांबून दिसते, आणि उजवीकडे खाली राहायला पाहिजे, कारण तिकडनं समोरचा येतो. हे लाईट उजवीकडनं चालणाऱ्या देशासाठी बनलेले. म्हणजे कापसाच्या ट्रॉलीसाठी अंधार आणि समोरच्या केळीवाल्याच्या थेट डोळ्यात. मी त्या डिसेंबरातल्या ट्रकवाल्याला जेवढ्या शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या व्याजासकट घ्यायला निघालो होतो. युरोपच्या नियमानं बनलेल्या लाईटच्या काचेवर गोलात ई आणि एक आकडा असतो, आणि डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीचा असेल तर बाण असतो, लाईटसमोर उभं राहिलं की आपल्या उजव्या हाताकडे जाणारा. माझ्यावर ई नाही, बाण नाही, काहीच छापलेलं नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती. सेकंडहँड घेताना हे मी बघितलं नाही, तुम्ही बघा.

स्क्रूनं हे सरळ होत नाही. रेघेचा आकार ठरतो आतल्या एका छोट्या पत्र्यावर. भिंगाच्या मागे तो पत्रा उभा असतो आणि बल्बाचा खालचा उजेड अडवतो, भिंग सगळं उलटं करून रस्त्यावर टाकतं, खालचं वर, डावं उजवं. म्हणजे डावीकडची रेघ वर न्यायची तर पत्र्याची उजवी कड खाली हवी. पत्रा दोन स्क्रूंवर बसवलेला आणि नशिबानं सपाट, पालथा करून बसवला की काम होणार. कित्येक प्रोजेक्टरमध्ये तो वाकवलेला असतो, मग हा मार्ग बंद. पण तिथपर्यंत पोचायला काच उघडायला हवी, आणि काच ब्यूटिलच्या काळ्या चिकट दोरीनं सील केलेली. लोक ओव्हनमध्ये ठेवतात. आमच्याकडे ओव्हन नाही, असता तरी आईनं आत ठेवू दिला नसता. हीट गननं कडेकडेनं, एका जागी न थांबता, हळूहळू गरम करत, पातळ पट्टी सरकवत उघडली. एका जाग्यावर धरली तर पॉलीकार्बोनेट वेडंवाकडं होतं आणि पाच दिवसांची घासाई पाण्यात. दोन लाईटला दोन संध्याकाळी गेल्या.

परत भिंत. आता रेघ डावीकडे वर. काकांना पण कौतुक वाटलं.

मग सेटिंग. टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, डॅशबोर्डवरची लेव्हलिंगची चकती शून्यावर, आणि ड्रायव्हरच्या जागी माणसाचं वजन. मी बाहेर स्क्रू फिरवणार म्हणून सीटवर गव्हाचं पोतं आणि मांडीवर घेतल्यासारखा बहिणीचा मुलगा, मिळून पाऊणशे किलो. गाडी भिंतीपासून १० मीटरवर, अगदी काटकोनात. भिंगाचा मध्य जमिनीपासून ६६ सेंटीमीटर, भिंतीवर ६६ वर खडूनं एक रेघ आणि तिच्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी. १० मीटरला १० सेंटीमीटर म्हणजे एक टक्का उतार, या हिशोबानं कटऑफ रस्त्याला साधारण ६६ मीटरवर टेकते, ताशी ६० च्या वेगात चार सेकंदांचं अंतर. एक लाईट गोणपाटानं झाकायचा, दुसऱ्याचा सपाट भाग खालच्या रेघेवर आणायचा, आणि जिथून चढ सुरू होतो तो कोपरा त्या लाईटच्या बरोबर समोर. मग दुसरा. उंचीचा स्क्रू वेगळा, आडवा वेगळा, आणि एक फिरवला की दुसरं थोडं हलतंच, त्यामुळे तीन-चार फेऱ्या होतात. मागे माणसं आणि वांग्याच्या गोण्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ती चकती फिरवायची, ती त्यासाठीच असते. मी ती पाच वर्षांत पहिल्यांदा फिरवली.

एक खरं सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनानं बदल करायला परवानगी नाही, त्यामुळे पासिंगला कुणी बोट ठेवलं तर माझ्याकडे उत्तर नाही. जुने लाईट म्हणून माळ्यावर ठेवलेत. चांगली मूळ जोडी मिळाली तर तीच लावणार, पण रिले आणि अर्थिंग तसंच राहणार. मोजून बघितलं तर खरा फरक त्यानंच पडला, रिंगवाल्या लाईटनं नाही. आणि रिंग म्हणाल तर डावी लागतच नाही, तिच्या मागे लागलोही नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर उजव्या काचेत आतून वाफ धरली. लाईट अर्धा तास लावून ठेवला की जाणारी पातळ वाफ असेल तर काळजी नाही, पण माझ्याकडे खाली चक्क थेंब साचलेले. मागच्या हवेच्या नळीला रबरी कोपरा बसवायचा राहिला होता, तो टूलबॉक्समध्ये सापडला. काढलं, सुकवलं, बसवला.

मामांना बसवून रात्री चोपड्याला सोडायला गेलो, तापीच्या पुलावर दोन ट्रक समोरून आले, दोघांनीही डिपर मारला नाही. मामा काही बोलले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले की जीप पण एकदा त्या भिंतीसमोर घेऊन जाऊ, तिचा उजेड रस्त्यापेक्षा निंबाच्या शेंड्यावर जास्त पडतो.

जीपचं राहिलंच, कारण काल बघितलं तर माझाच डावा फोकस दोन बोटं खाली आलाय. तो स्टेपलरच्या पिनांनी जोडलेला कान, रस्त्याच्या खड्ड्यांनी ढिला झाला असणार. उद्या परत भिंत. गव्हाचं पोतं संपलं, आता बाजरीचं न्यावं लागेल.